कॉफी घ्या, पाशा

शुक्रवार-शनिवारची सुटी संपून कामाचा आठवडा सुरू होणार त्या रविवारी सकाळी सात वाजता बेकरीवाल्याने अबू शाकिरना रांगेतून पुढे बोलावलं. "तुम्ही कशाला रांगेत उभे राहता?" असं म्हणत त्याने भट्टीतून नुकतेच निघालेले तिळाचे गोल पाव कागदात गुंडाळले आणि आवाज जरा उतरवून म्हणाला, "ऐकलं आम्ही. अल्ला तुमचं घर उजळ ठेवो. केवढं मोठं मन लागतं हो असं करायला!" रांगेतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. एकाने तर छातीवर हात ठेवला. अबू शाकिर काहीतरी पुटपुटले, पाव काखेत घेऊन बाहेर पडले आणि टेकडीच्या पायऱ्या उतरू लागले. दहाबारा पायऱ्या उतरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतं आहे. अगदी बरं, निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या सगळ्यांनी उठून उभं राहून निरोप दिला होता तेव्हा वाटलं होतं तसं. पाठ ताठ झाली होती, पावलं हलकी पडत होती. ते कळलं मात्र, आणि ते जागीच थांबले. वरून येणारी एक बाई गॅसची टाकी घेतलेल्या माणसाला वाट द्यायला बाजूला झाली आणि यांच्यावर आदळता आदळता वाचली. "काय झालं, काका? बरं नाही का?" "बरं आहे," ते म्हणाले. खरी पंचाईत तीच होती, पण ती रस्त्यावर कुणाला सांगणार?

दोन दिवसांपूर्वी, शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, त्यांच्या घरी जाहा आली होती. तीस माणसं. सगळी इस्त्रीच्या कपड्यांतली, निम्मी डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल बांधलेली, पुढे निवृत्त सेनाधिकारी म्हातारे पाशा. मुलगी मागायची असो की खून पोटात घालायला सांगायचं असो, शब्द टाकायचा तो अशाच तीस माणसांनी मिळून. एकट्याने येऊन मागितलं तर नाही म्हणता येतं, तिसांना नाही म्हणायला वेगळी छाती लागते, आणि म्हणूनच तीस येतात. हा शब्द ज्याच्यासाठी टाकला जाणार होता तो सेहेचाळीस वर्षांचा होता. हाडांच्या दवाखान्याचा मालक होता आणि गेले सात महिने तुरुंगात होता. अबू शाकिरांची मुलगी रनीम त्या दवाखान्यात लोकांचे गुडघे, खांदे पुन्हा चालते करायची. मार्चमधल्या एका संध्याकाळी सगळे पेशंट गेल्यावर त्याने दार आतून लावलं होतं. त्यापुढचं रनीमने पोलिसांतल्या एका बाईला सांगितलं होतं, सरकारी डॉक्टरला सांगितलं होतं, वकिलीणबाईंना सांगितलं होतं. आईला सांगितलं होतं. वडिलांना सांगितलं नव्हतं, कारण वडिलांनी विचारलं नव्हतं. येत्या बारा तारखेला खटल्याची सुनावणी होती आणि त्या दिवशी रनीमला न्यायाधीशांपुढे उभं राहून ते पुन्हा सांगायचं होतं.

जाहाला येऊच द्यायचं नाही, असं अबू शाकिरांची बायको इनाम पहिल्या दिवसापासून म्हणत होती. पण चुलतभाऊ हिकमत मध्ये पडला. पाहुण्याला दार लावणं आपल्या सात पिढ्यांत झालं नाही, ऐकून तर घ्या, ऐकण्याने काय जातं, असं त्याचं चाललं होतं. शेवटी गुरुवारी स्वयंपाकघरात आई, बाप आणि लेक अशी तिघं बसली आणि ठरलं, येऊ द्यायचं, पण मानायचं नाही. अबू शाकिरांनी बोलायचं वाक्यही ठरलं. "तुम्ही पाहुणे, तुमचा मान डोक्यावर. पण हक्क माझा नाही, मुलीचा आहे, आणि तिने तो कोर्टात मागितला आहे." रनीमने ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, शाळेत कविता पाठ करून घेतात तसं, आणि दुसऱ्यांदा ती जराशी हसलीसुद्धा होती. सात महिन्यांत तिला हसताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. "कॉफी प्यायली जाणार नाही," त्यांनी वचन दिलं. मागणं मान्य झाल्याशिवाय जाहाचा म्होरक्या पेल्याला ओठ लावत नाही आणि यजमानाने "कॉफी घ्या" म्हटलं की मागणं मान्य झालं, मग लिहायचं काही उरत नाही. शुक्रवारी सकाळी दाढी करतानाही त्यांनी ते वाक्य आरशापुढे म्हणून पाहिलं होतं. आवाज चांगला लागला होता.

आणि मग पाशा बोलले. आत्ता पायरीच्या कडेला, लोखंडी कठड्याला धरून उभं असताना अबू शाकिरना त्यांचा आवाज जसाच्या तसा ऐकू येत होता. पाशा आधी अल्लाबद्दल बोलले, मग क्षमेबद्दल, मग दोन्ही घराण्यांच्या आजोबांबद्दल. खुद्द गोष्टीला त्यांनी कुठेही हात लावला नाही. "मुलाकडून चूक घडली," म्हणाले, "सैतान मध्ये आला. जे झालं ते झालं. तुमची ती आमची लेक." तिचं नावही घेतलं नाही, त्याचंही नाही. तीस माणसं एका मोठ्या भांड्याभोवती बसून झाकण न काढता आत काय शिजलं आहे ते जणू एकमेकांना सांगत होती. समोर तिपाईवर बिनकानाचा छोटा पेला. त्यात तळाशी कडू कॉफी, वेलचीचा वास. पाशांचा हात त्या पेल्याशेजारी, डाग पडलेला. ते थांबले. आता अबू शाकिरांनी बोलायचं होतं. खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला, कॉफीवरची वाफ विरत गेली, वाक्य घशापर्यंत आलं. तुम्ही पाहुणे, तुमचा मान डोक्यावर. तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "कॉफी घ्या, पाशा. गार होते आहे."

त्यानंतरचा गलका त्यांना फारसा आठवत नव्हता. तीस तोंडांतून एकदम आशीर्वाद निघाले, पाशांनी उठून त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं, हिकमतचे डोळे भरून आले. माणसं अर्ध्या तासात गेली. राहिले ते सगळीकडे पडलेले पेले. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले तेव्हा रनीम सिंकपाशी पाठमोरी उभी होती आणि इनाम टेबलाशी बसली होती. "यबा," ते म्हणाले. ती त्यांना यबा म्हणायची आणि तेही तिला यबाच म्हणायचे, बापाने लेकराला आपलंच नाव देऊन हाक मारायची तिथली रीत. "यबा, तोंडून निसटलं. सवयीने. आयुष्यभर ज्याला त्याला तेच म्हणत आलो..." ती वळली. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माहीत आहे मला. मीटर वाचायला येतो त्यालाही तुम्ही तेच म्हणता. मागे चोर समजून ज्याला पकडलं होतं त्यालासुद्धा बसवून कॉफी पाजलीत." असं म्हणून तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, तिने, त्यांच्या. इनामने एक पेला उचलला, आतला गाळ पाहिला आणि म्हणाली, "सेहेचाळीस वर्षांचा मुलगा! दुधाचे दात पडायचे असतील अजून त्याचे." मग जरा वेळाने, कुणाकडेच न बघता, "तुमच्या हातून बशी निसटताना पाहिली आहे मी. शब्द निसटलेला नाही ऐकला कधी." त्यावर रनीमच चिडली. "आई, पुरे. त्यांना काय कमी लागलं आहे?" शनिवारी ती दिवसभर खोलीत होती. संध्याकाळी बाहेर आली ती ठरवूनच. उद्या नोटरीकडे जाऊन हक्क सोडल्याचा कागद करते, म्हणाली. वकिलीणबाईंनी फोनवर तिला तासभर समजावलं होतं. तुझ्या वडिलांचा शब्द त्यांचा, तुझी सही तुझी. तू एकोणतीस वर्षांची बाई आहेस, तुझ्या वतीने कोणीही काही सोडू शकत नाही. हा कागद गेला की न्यायाधीशांना शिक्षा उतरवायची मोकळीक मिळते, पार अर्ध्यावर येते. रनीमने सगळं ऐकून घेतलं होतं. "मला कायदा कळतो, यबा. पण त्या तिसांपुढे तुमचा शब्द मोडला तर तुम्ही उद्यापासून कुणाच्या दारात जाल? बाप म्हणून तुम्ही खोटे असता तर गोष्ट वेगळी. तुमचं तर नुसतं निसटलं." अबू शाकिर तेव्हाही गप्प बसले होते.

आणि आज रांगेतल्या माणसाने छातीवर हात ठेवला आणि त्यांना बरं वाटलं. नुसत्या निसटण्याचं कौतुक झालं तर माणूस ओशाळतो. त्यांना ओशाळं वाटलं नव्हतं. ते पुढे उतरू लागले, आता सावकाश, आणि प्रत्येक पायरीला तो शुक्रवारचा क्षण थोडा थोडा उघडत गेला. घड्याळाचा काटा सरकला तेव्हा खोलीत काय होतं? शांतता होती, बरोबर. पण त्यांच्या डोक्यात शांतता नव्हती. डोक्यात बारा तारीख होती. ते एका लाकडी बाकावर बसलेले होते, पुढे काळा झगा घातलेला आरोपीचा वकील उभा होता आणि रनीमला विचारत होता की दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर का गेलात, आणि रनीम उत्तर देत होती, आणि ते उत्तर त्यांच्या कानांत शिरत होतं. जाहा आपल्या जागी होती, पाशा आपल्या जागी होते, आणि हे सगळं ते त्या तेवढ्या वेळात पाहत होते. मग त्यांना दिसलं की समोर एक दार आहे. दोन शब्दांचं. ते उघडलं की बारा तारीखच येणार नाही.

घरी इनामने चहा टाकला होता. रनीम निळा कोट घालून तयार बसली होती. पाव टेबलावर ठेवताना ते म्हणाले, "पावाला लावायला झातरची पूड आहे का गं?" जणू सुटीचाच दिवस. "आहे," इनाम म्हणाली. "मन असेल तर खा." रनीमने पावाचा एक तुकडा मोडला, तेलात बुडवला आणि बशीतच ठेवला. "परत येताना मी डॉक्टर सहरांच्या दवाखान्यात जाऊन येईन," ती म्हणाली. "त्यांना माणूस हवं आहे. आता कामाला लागलं पाहिजे." तिचा आवाज इतका साधा होता की त्यांनी हातातला घास बशीत परत ठेवला. बाहेर पडताना इनामने तिच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि नवऱ्याच्या कोटाला हात लावला नाही.

टॅक्सीत ते पुढे बसले, ती मागे. ड्रायव्हर गर्दीला, सरकारला आणि आपल्या मेहुण्याला शिव्या घालत होता, सगळ्यांना सारख्याच. अबू शाकिरना मात्र एकोणचाळीस वर्षांपूर्वीची हवामानखात्याची चौकी आठवत होती. दर तीन तासांनी बाहेर पांढऱ्या पेटीपाशी जायचं, पारा पाहायचा आणि वहीत लिहायचा. त्यांच्या अक्षराला आणि आकड्याला साहेब लोक मानायचे. अबू शाकिरने लिहिलं म्हणजे तेच, असं म्हणायचे. एका हिवाळ्यात बर्फ पडलं. गुडघाभर. ते चौकीत शेगडीजवळ बसले होते, उठवेना, आणि त्यांनी अंदाजाने उणे एक लिहून टाकलं. नंतर स्वतःला सांगितलं की पाहूनच आलो. चार दिवसांनी त्यांना बाहेर गेल्याचं खरोखर आठवू लागलं, बुटांत शिरलेल्या बर्फासकट. ती आठवण अजून आहे. आपल्याला आपणच किती सफाईने बनवतो याची ती आठवण इतकी वर्षं त्यांनी गंमत म्हणून लोकांना सांगितली होती. आत्ता टॅक्सीत ती गंमत राहिली नाही. त्यांना तो मार्चमधला लिफाफा आठवला, रनीमच्या जबानीची प्रत असलेला. वकिलीणबाईंनी घरी एक असू द्या म्हणून दिला होता. त्यांनी तो उघडला होता, दोन ओळी वाचल्या होत्या, "मी तेव्हा पडदे ओढत होते" इथपर्यंत, आणि घडी घालून कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवला होता. डोळे दुखतात, इनामला सांगितलं होतं. डोळे! सात महिन्यांत त्यांनी मुलीला फळं आणून दिली होती, औषधं आणून दिली होती, तिच्या खोलीचा दिवा दुरुस्त केला होता, दाराला आतून नवी कडी बसवून दिली होती. फक्त काय झालं ते विचारलं नव्हतं. लोकांना ते फार सोशीक बाप वाटत होते. त्यांना स्वतःलाही.

"यबा, इथे उतरायचं," रनीम मागून म्हणाली. त्यांनी पाहिलं तर टॅक्सी कोर्टाच्या इमारतीपुढे उभी होती आणि ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता.

नोटरीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. घराचे सौदे, मुखत्यारपत्रं, गाडीची विक्री, सगळ्यांची एकच रांग. त्यांच्या मागचा माणूस भावाशी फोनवर जमिनीवरून भांडत होता. रनीम भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा उजवा हात डाव्या मनगटाला धरून होता, मार्चपासून ती अशीच उभी राहते. ते मनगट लहानपणी एकदा मोडलं होतं, सायकलवरून पडून. तेव्हा दवाखान्यात ते तिच्याजवळ बसून होते. हाड बसवताना ती किंचाळली तरी त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं, तिला बघत राहायला सांगितलं होतं, माझ्याकडे बघ, यबा, माझ्याकडेच बघ. तो माणूस कुठे गेला? त्यांना वाटलं, वय झालं. मग वाटलं, नाही, हेही पुन्हा उणे एकच.

खिडकीमागे चष्मा कपाळावर सरकवलेला एक लेखनिक होता. त्याने रनीमचं ओळखपत्र पाहिलं, छापील कागदावर नावं भरली आणि एका सुरात वाचून दाखवलं. मग डोळे वर करून, रोजचं विचारायचं म्हणून विचारलं, "स्वखुशीने करता आहात? कुणाची जबरदस्ती, भीती, काही नाही ना?"

"नाही," रनीम म्हणाली.

"तिने ठरवलं आहे," अबू शाकिर म्हणाले. म्हणजे त्यांना वेगळं म्हणायचं होतं, पण निघालं हे.

"मी बाईंना विचारतो आहे, हाजी," लेखनिक म्हणाला. "तुम्हांला विचारलं तर बोला." त्याने कागद खिडकीतून बाहेर सरकवला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. रनीमने पेन घेतलं. त्याचं झाकण काढायला तिला जरा वेळ लागला. अबू शाकिरना तिच्या कानामागचे केस दिसत होते, त्यात दोन पांढरे. हे कधी झाले?

"थांब," ते म्हणाले.

"यबा, मागे लोक आहेत."

"निसटलं नव्हतं."

तिने मान वळवली. लेखनिकाने चष्मा खाली घेतला.

"मी म्हणालो ते. कळून म्हणालो." ते लेखनिकाकडे न बघता तिच्याकडेच बघत होते. "पाशांकडे बघून नाही, लोकांकडे बघून नाही. मला बाराला तिथे बसायचं नव्हतं. तू जे सांगशील ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून म्हणालो. आणि तू निसटलं समजलीस ते मला सोयीचं झालं. शुक्रवारपासून ती सोय मी वापरतो आहे."

फोनवर भांडणारा माणूसही गप्प झाला होता. रनीमचा चेहरा त्यांना वाचता येईना. तिने पेनाला झाकण लावलं, सावकाश, टक् आवाज होईपर्यंत. कागद उलटा करून खिडकीतून आत ढकलला.

"रद्द करायचा?" लेखनिकाने विचारलं.

"हो."

"पाशांकडे मी जातो," अबू शाकिर घाईघाईने म्हणाले. "एकटा जातो. तिसांच्या तिसांपुढे सांगतो की शब्द द्यायचा अधिकारच माझा नव्हता. हिकमतला आजच..."

"जा," ती म्हणाली. "पण ते तुमचं आणि त्यांचं. त्याने माझं काही होत नाही." मग ती थांबली. खालचा ओठ दाताखाली आला आणि सुटला. "मी सगळ्यांना सांगितलं, यबा. अनोळखी पोलिसबाईला सांगितलं. तिने पाणी दिलं आणि बसून ऐकलं. मला वाटायचं, तुम्हांला सोसणार नाही म्हणून तुम्ही विचारत नाही. मी तुम्हांला जपत होते." आवाज चढला नाही, पण तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी तिने पुसलंही नाही. "बाराला येऊन बसा. पहिल्या बाकावर. मी सांगेन तेव्हा खाली बघायचं नाही."

एवढं बोलून ती निघाली. त्यांनी हाक मारली नाही. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज थोडा वेळ येत राहिला आणि मग इमारतीच्या कल्लोळात मिसळला. "काका, बाजूला होता का?" मागचा माणूस म्हणाला, तो भांडणारा, पण आता जरा मऊ आवाजात. ते बाजूला झाले. सकाळचं ते बरं वाटणं कुठे नावालाही उरलं नव्हतं, आणि तरी छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखा श्वास येत होता. बारा तारीख, पण कुठल्या दालनात? किती वाजता? सात महिने झाले, त्यांना हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी लेखनिकाला विचारलं. "मला काय माहीत? खाली चौकशीची खिडकी आहे," तो म्हणाला.

ते कठड्याला धरून दोन मजले उतरले आणि चौकशीच्या रांगेत उभे राहिले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, पुढे बोलावलं नाही. बायका होत्या, पोरं कडेवर घेतलेली, वकिलांचे मदतनीस होते. पाऊण तासाने त्यांची पाळी आली. खिडकीतल्या तरुण माणसाचं लक्ष पडद्यावर होतं, बोटं कळफलकावर तयार.

"खटला नंबर?"

"नंबर माहीत नाही. बारा तारखेला आहे."

"बाराला पन्नास आहेत. कसला खटला? जमिनीचा, मारामारीचा, कसला?"

अबू शाकिरांनी एकदा मागे पाहिलं. वीसएक माणसं उभी होती. मग ते खिडकीकडे वळले.

"माझ्या मुलीवर बलात्कार झाला आहे," ते म्हणाले. "रनीमवर. त्याचा." आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि त्यांनी मान खाली घातली नाही.